वळूसाठी थांबलेली बस

मित्राच्या अंत्ययात्रेत मी हसलो. मोठ्यानं नाही, पण ओठ दाबावे लागले, आणि ते त्याच्या मुलीनं पाहिलं.

पुढं काही दिवसांनी त्यांच्या वालूरच्या घरी ती चहा घेऊन माझ्याजवळ बसली. ती पुण्यात मोबाइलवरचे गेम तयार करते. "काका, दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्ही का हसलात, ही एक. दुसरी बाबांना विचारणार होते, राहून गेली. नव्या गेमचं आर्किटेक्चर, म्हणजे आतली बांधणी, ठरवायचीय. सगळं एकातच गुंफलं तर गेम झकास पळतो. चित्रं, नियम, बटणं वेगळी ठेवली तर जड होतो. टीममध्ये रोज भांडणं."

मी म्हणालो, दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण मला सांगायला वेळ लागतो. चहा थंड झाला तर होऊ दे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. परभणीत आमचं कॉलेज कधी बंद पडेल याचा नेम नसे. मित्राच्या हैदराबादच्या मामानं त्याला एक कॉम्प्युटर दिला होता. नुसता कीबोर्डच तो. टीव्हीला जोडायचा, आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्राम भरायचा. लाईट गेली की भरलेलं सगळं गेलं. मित्र ती पेटी उशीच्या अभ्र्यात घालून जीपमधून परभणीला माझ्या खोलीवर आणी आणि शनिवारी वालूरला परत नेई. अभ्रा पेटीला, हा नुसत्या उशीवर झोपे. आमचाही गेम मोबाइलच म्हणायचा.

त्याच्या वडिलांना आम्ही सगळेच अप्पा म्हणायचो. खत-बियाण्यांचं दुकान, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. प्रोग्राम भरताना कॅसेट किंचाळायची. अप्पांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ वाट पाहिली.

"ह्यातलं गाणं कधी सुरू व्हनार?"

"अप्पा, गाणं न्हाई, प्रोग्राम हाय."

"मग रडायलाय कशाला?"

त्याच दिवशी त्यांनी अट घातली. "महादेवाच्या जत्रेपर्यंत गावातल्या मानसाला कळंल असं कायतरी दाखव. न्हाईतर पेटी मामाला वापस, आन् तू दुकानात."

मित्राचा चेहरा पेटी आत्ताच गेल्यासारखा झाला.

आम्ही गेम ठरवला: परभणीहून वालूरला निघालेली एसटी. वाटेत बैलगाड्या, खड्डे, बकऱ्या आणि एक वळू. वळूला धडक बसली की तो चारी पाय वर करून हवेत उडे आणि आपले गुण कापले जात. गुण कापले म्हणजे पाप फिटलं, असा आमचा हिशोब.

भांडण झालं ते बांधणीवरून. मी कागदावर चौकोन काढले.

"ही काय कुंडली मांडलीस?" मित्र म्हणाला.

"ह्या घरात चित्रं, ह्या घरात नियम, ह्या घरात बटणं. एकानं दुसऱ्याच्या घरात डोकवायचं न्हाई."

"मग ह्यांची सोयरीक कशी जमनार?"

"मधी एक तक्ता. ज्याला जे पायजे ते त्यानं तक्त्याला विचारायचं."

"आरं, पावलापावलाला विचारत बसली तर बस जत्रा उठल्यावर पोचंल!"

आणि त्याचं खरं निघालं. माझी बस धक्के खात चाले. त्यानं सगळं एकातच गुंफून लिहिलेली बस भन्नाट पळे, आणि त्याचा वळू तर असा उडे की आम्ही दोघं मुद्दाम धडका मारायचो. निवड त्याच्या गेमची झाली. माझा कॅसेटच्या मागच्या बाजूला गेला.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पांनी पहिल्यांदा तो गेम पाहिला. वळू उडाला. अप्पा खुर्चीतून उठले.

"ह्यो महादेवाला सोडलेला वळू. त्याला गावात कुनी काठी उगारत न्हाई, आन् तुमी बस घालायलात?"

"गुण कापलेत की, अप्पा."

"गुन? पेटी बांध."

मित्रानं हात जोडले. "वळूच काढून टाकतो."

"काढतोस कशाला? रस्त्यावर वळू नसतो व्हय? बसनं थांबावं. उद्या बगतो."

मित्र कामाला लागला. पण त्याच्या गेममध्ये वळू जागोजागी शिवलेला होता. एक धागा ओढला, तर रस्ताच गेला. रस्ता परत आणला, तर बकऱ्या उडायला लागल्या. बकऱ्या जमिनीवर आणल्या, तर बसच्या जागी वळूच परभणीहून निघाला आणि वेळेवर वालूरला पोचला.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी कॅसेट उलटी केली. तक्त्यात वळूच्या समोर 'उडतो' होतं तिथं 'बस थांबते' केलं. मित्रानं हौसेनं हॉर्नचं बटण जोडलं. दुपारच्या चहाच्या आत काम झालं.

"लय हळू हाय रे," तो म्हणाला.

"वालूरचा रस्ता पायलास का?"

मग तो हसला.

जत्रेत शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर टीव्ही मांडला. पहिला मान अप्पांचा. बस धक्के खात निघाली तसा मागून एकजण म्हणाला, "आपलीच एसटी हाय. माजी कंबर धरली बगा." लोक हसले. अप्पा हसले नाहीत. तेवढ्यात वळू आला आणि बस थांबली.

"अप्पा, हॉर्न मारा की!" मागून पोरं ओरडली.

अप्पांनी बटणांवरून हात काढून घेतला. "गप बसा रे. त्येला जाऊ द्या."

आमचा वळू आपल्या मर्जीनं हलायचा, आणि मर्जी आम्हीच जरा जास्त दिली होती. मागं रांग चुळबुळायला लागली. वरचा बल्ब मिचमिचला. आता लाईट गेली तर गेम गेला, आणि गेमबरोबर पेटी. मित्राचा सदरा पाठीला चिकटला होता. तो स्वतःच बसवलेल्या वळूला खालच्या आवाजात विनवत होता, "हल की बाबा. हल की."

वळू हलला. बस वालूरला पोचली. अप्पा उठले, धोतर झटकलं.

"पेटी राहू दे. पन त्यो हॉर्न काढून टाक."

आणि मग लाईट गेली.

पेटी राहिली. पुढं तिच्याच जोरावर त्यानं गावात कॉम्प्युटरचा क्लास काढला, आणि या मुलीनं पहिली बटणं तिथंच दाबली.

"पुढचं तुला माहीत आहेच," मी तिला म्हणालो. अंत्ययात्रेत त्याला लिंगायत रीतीप्रमाणे गाडीत बसवून नेत होते, हारांमध्ये ताठ, एसटीत पुढची जागा मिळाल्यासारखा. शाळेच्या वळणावर रस्त्यात वळू उभा. भजन थांबलं. गाडीवाल्याचा हात हॉर्नकडे गेला, तसं कुणीतरी म्हणालं, "गप. त्येला जाऊ दे." सगळं गाव उभं राहिलं. मित्र वळूच्या अगदी समोर, आणि या खेपेला त्याला कसलीच घाई नव्हती.

तिनं तोंडावर पदर धरला. रडते आहे असं वाटलं, पण खांदे वेगळेच हलत होते.

"हॉर्न काढायला किती वेळ लागला, काका?"

"एक ओळ खोडली."

माझ्या हातातला कप घेऊन ती चहा गरम करायला आत गेली. आतून ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हळू चालला तरी चालेल. वेगळं ठेवू."