चेहरा भरत चालला होता

“ही साधी मुरुमं नाहीत,” स्किनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

मी मनात म्हटलं, एवढं मलाही कळतं. साधी असती तर सहा महिन्यांत गेली असती. डॉक्टरबाई गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलत होत्या. मी इथे मराठीत लिहितेय. त्यांनी चेहरा पाहिला, मग खांदे, मग पाठ. नंतर कुर्ता थोडा वर करायला सांगून पोट पाहिलं. पोटावर जांभळे पट्टे उठले होते, बोटभर रुंद. ते मी आईलाही दाखवले नव्हते. वजन वाढलं की कातडी ताणते, असं मी धरून चालले होते.

“स्टेरॉइड ॲक्ने,” त्या म्हणाल्या. म्हणजे स्टेरॉइड नावाचं औषध शरीरात गेल्यामुळे उठणारी मुरुमं. साध्या मुरुमांत एखादं काळं असतं, एखादं पिकलेलं, एखादं आतल्या आत ठणकणारं. माझी सगळी एका मापाची होती, आणि चेहऱ्यापेक्षा छाती-पाठीवर जास्त. “कोणतं औषध घेतेस?”

“काहीच नाही.”

“गोळी, इंजेक्शन, आयुर्वेदिक? गोरं व्हायची क्रीम?”

मला राग आला. मी लिंबायतच्या कामगारवस्तीतली, बाप बमरोलीत कापडाच्या लूमवर, म्हणून ह्यांना वाटतं ही कसलीही ट्यूब थापत असेल. मी त्यांना माझं रूटीन पाठ म्हणून दाखवलं. सकाळी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, त्यावर सीरम, मग बिनतेलाचं मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदलते. टॉवेल वेगळा ठेवते. चेहऱ्याला हात लावत नाही, तळलेलं सोडलंय. आमच्या गल्लीत एवढं कोणी करत नसेल.

“रूटीन चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “मी चेहऱ्याला काय लावतेस ते विचारत नाही. पोटात काय जातं?”

“काही नाही,” मी म्हणाले. आईनेही शेजारून मान हलवली. आम्ही दोघी खोटं बोलत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी कॉर्टिसोलची तपासणी लिहून दिली, सकाळी आठ वाजता रक्त द्यायचं, आणि सांगितलं की घरात काही सापडलं तर घेऊन या.

आता थोडं मागचं सांगते. मी सारिका, वय चोवीस. मूळ खानदेशातली, पण जन्म सुरतचाच. एका साडीच्या दुकानात काम करते. मोबाइल स्टँडवर लावायचा, लाइव्ह सुरू करायचं आणि साड्या अंगावर टाकून दाखवायच्या, हे माझं काम. मुरुमं वाढली तसे शेठ मोबाइल खाली खाली करत गेले. “बेन, मोढुं रेवा दो, साडी बतावो,” म्हणायचे. तोंड राहू द्या, साडी दाखवा. शेवटी गिऱ्हाइकांना माझी फक्त हनुवटीखालची बाजू दिसत होती. बिनडोक्याची बाई साडी दाखवतेय, असं मीच हसून म्हणायचे आणि घरी येऊन रडायचे.

त्याच्याही आधी मी काटकुळी होते. दोन ठिकाणची मंडळी मला पाहून गेली आणि दोन्ही ठिकाणांहून एकच निरोप आला: मुलगी अशक्त आहे. दुसऱ्यांनी तर हिला मूल तरी होईल का, असंही विचारलं. आईने ते मनाला लावून घेतलं. भेस्तानच्या मावशीने तिला एक पुडी आणून दिली, तिकडच्या बाजारात बसणाऱ्या कोणा माणसाकडची. जडीबुटी आहे, अंग धरतं, म्हणाली. फिकट पिवळी पावडर होती, रोज सकाळी दुधात चिमूटभर. मला ते माहीत होतं. मी ते रोज आईच्या हातून घेऊन प्यायचे. पण लहानपणी दुधात चॉकलेटची पावडर घालायचे, तशीच ही एक, एवढंच माझ्या डोक्यात. दुधात पडलेली वस्तू आमच्या घरात औषध राहतच नाही, ती खाणं होते.

आणि पुडी लागू पडली, हे कबूल करायला हवं. महिन्याभरात भूक खवळली. चार महिन्यांत नऊ किलो वाढले. गाल गोल झाले. “पोरनं तोंड कसं भरनं!” म्हणत शेजारणी हनुवटीला हात लावून बघायच्या. आई सुखावली होती. मीसुद्धा सुखावले होते, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या स्थळाला फोटो गेला आणि त्यांनी पसंती कळवली.

मुरुमं ह्याच दिवसांत उठली. भरलेला चेहरा ही आईची कमाई आणि मुरुमं ही माझ्या मोबाइलमधल्या क्रीमची करणी, अशी घरात वाटणी झाली होती. दोन्ही एकाच चिमटीतून येतंय, हे कोणाच्या मनाला शिवलं नाही. मानेच्या मागे मांसाचा गोळा आला. हात-पाय मात्र काड्याच राहिले. बांगडी भरली तरी मनगट काळंनिळं पडायचं. दुकानाचे दोन जिने चढताना मधे थांबावं लागायचं. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. मी ह्यातलं एकेक पाहत होते आणि सगळं सोडून मुरुमांसाठी नवीन सीरम शोधत होते.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून परतताना, रिक्षात, मला ते सुचलं.

“आई, दुधात काय घालतेस तू?”

“ते काय औषध शे का?” आई म्हणाली. “ती पुडी शे, अंग धराले.”

मग तिने रिक्षावाल्याला लवकर चल म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. डबा उघडला, होत्या तेवढ्या पुड्या काढल्या आणि गल्लीतल्या गटारात मोकळ्या केल्या. वरून बादलीभर पाणी ओतलं. “आते तुले काही व्हत नही,” म्हणाली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. जे घेऊन यायला सांगितलं होतं, ते आम्ही गटारात वाहून टाकलं होतं.

हा भाग नीट वाचा. मी हे सगळं त्यासाठीच लिहायला बसले.

तो रविवार होता. सोमवारी आठला रक्त देऊन आले, रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. दिवसभर मी मजेत होते. मंगळवारी उठले तर गुडघे, खांदे, बोटांची पेरं दुखत होती. ताप नव्हता. बुधवारी अन्नाचा वास नको झाला, पाणी प्यायलं तरी उलटून पडायचं. आई म्हणाली, विष बाहेर निघतंय, निघू दे. मलाही ते पटलं. उलटी झाली की मी मनातल्या मनात म्हणायचे, बरं झालं, अजून थोडं गेलं.

गुरुवारी सकाळी हट्टाने कामावर गेले. लाइव्ह चालू होतं. हिरव्या साडीचा पदर खांद्यावर घेतला आणि समोरचा मोबाइल दिसेनासा झाला. सोबतच्या मुलीने नंतर सांगितलं की मी पडले तेव्हा लाइव्ह चालूच होतं आणि कोणीतरी साडीची किंमत विचारत होतं.

सरकारी दवाखान्यातलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सलाइन, दंडाला करकचून बसणारा पट्टा, एक तरुण डॉक्टर सारखा प्रेशरचा आकडा वाचत होता. वरचं सत्तर. सलाइनची एक बाटली संपली, दुसरी लागली, आकडा तिथेच. काही खाल्लं का, काही घेतलं का, विषारी काही, असं तो आईला विचारत होता. आई “कुछ नहीं, कुछ नहीं” म्हणत होती. त्याआधी मावशीचा फोन आला होता. पुडीचं नाव काढू नको, पोलीस केस होईल, लग्नही मोडेल, असं तिने बजावलं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती ऐकत होते. तोंड उघडायचं होतं, पण जीभ हलत नव्हती. आई आता बोलली नाही तर मी इथेच संपणार, एवढं मला स्पष्ट कळत होतं. त्या वेळची भीती मी कोणाला समजावून सांगू शकत नाही.

डॉक्टर म्हणाला, “माँजी, पानी चढ़ रहा है, प्रेशर नहीं उठ रहा. कुछ छुपाओ मत.”

आईचा आवाज आला. “मैंनेच दिया, डॉक्टरसाब. पुड़ी. सात महिना रोज मैंनेच दिया. रविवार को फेंक दिया.”

तो धावतच गेला. हायड्रोकॉर्टिसोन नावाचं इंजेक्शन शिरेतून दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत मी उशीला टेकून बसले होते आणि भूक लागली म्हणत होते. आई पलंगाच्या पायाशी उभी होती, जवळ येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने आम्हाला समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रीनल. ती कॉर्टिसोल बनवते. ताप आला, मार लागला, दगदग झाली की शरीराला सावरून धरतं ते हेच. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळायला लागलं की ग्रंथी काम थांबवते. मग बाहेरचं एकाएकी बंद केलं, तर शरीरात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. आमचा रिपोर्ट तोवर आला होता. माझं कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच.

“पुडीनं नुकसान केलं,” तो म्हणाला, “पण तुला इथे आणलं ते ती एकाएकी बंद केल्यानं.”

आता मी रोज सकाळी गोळी घेते. तेच स्टेरॉइड, पण मोजून, आणि डोस हळूहळू कमी करत न्यायचा. ह्याला टेपरिंग म्हणतात. ताप आला किंवा उलटी झाली तर त्या दिवशी डोस दुप्पट करायचा, पोटात काहीच राहत नसेल तर थेट दवाखाना. पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय: ही मुलगी बेशुद्ध सापडली तर आधी हे इंजेक्शन द्या. दर काही आठवड्यांनी आठ वाजता रक्त देते. ग्रंथी अजून पुरती जागी झालेली नाही. कधी होईल, डॉक्टर सांगत नाहीत. बहुतेकांची होते, एवढंच म्हणतात. त्या ‘बहुतेक’ शब्दाशी माझं अजून जमलेलं नाही.

मुरुमं गेली. नवीन काहीही न लावता, चार-पाच महिन्यांत आपोआप गेली. पोटावरचे पट्टे राहिले, आता पांढुरके झालेत. चेहराही उतरला, आणि गल्ली हळहळली. किती वाळली पोर, आधी कशी भरली होती! आईने सगळ्यांना कावीळ झाली होती म्हणून सांगितलं होतं. पुडीचं नाव घरात कोणी काढत नसे. वडील तर त्या दिवसापासून दूधच पीत नाहीत. तिसरं स्थळ फोटोतल्या मुलीला शोधत राहिलं आणि मग गेलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आईला वाटलं.

गेल्या रविवारी दुपारी समोरच्या चाळीतली कोमल आमच्याकडे आली. वीस वर्षांची आहे, दोन महिन्यांनी लग्न.

“ताई, तुझं तोंड किती साफ झालं! काय लावतेस ते सांग ना. माझ्यावर काहीच चालत नाही.”

मी तिच्याकडे पाहिलं. गोल, तुकतुकीत गाल. ओढणी सरकली तिथे गळ्याखाली बारीक पुटकुळ्या, सगळ्या एका मापाच्या. मी तिचा हात धरून बांगड्या वर सरकवल्या. मनगट निळं होतं.

“दुधातून काही घेतेस का?”

“औषध नाही गं,” ती हसली. “आई शक्तीची पुडी देते. सहा किलो वाढले!”

आत्ताच्या आत्ता जा आणि फेकून दे, हे शब्द अगदी ओठावर आले होते. ते गिळायला मला फार जोर लागला.

“कोमल, ऐक. उद्या सकाळची पुडी चुकवू नकोस.”

ती गोंधळली. मी पुन्हा सांगितलं, उद्या घे आणि उरलेली सगळी पिशवीत घालून माझ्याकडे आण. नऊ वाजता दवाखान्यात जाऊ. डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवसही बंद करू नकोस. ज्या पावडरीने मला मारलं असतं, ती मी दुसऱ्या मुलीला माझ्या तोंडाने घ्यायला सांगत होते, आणि तेच बरोबर होतं. कोमल म्हणाली, आई ऐकायची नाही, तू जळतेस म्हणेल.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि चप्पल पायात सरकवली. जिना उतरून गल्ली ओलांडून ती समोरच्या घरी गेली. दार उघडंच होतं. दुपारची वेळ, बायका उंबऱ्यावर बसल्या होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

“मीबी मनी पोरले तीच पुडी दिधी व्हती,” आई कोमलच्या आईला म्हणाली. “कावीळ नव्हती व्हयनी तिले.”