विंगेतली खोड

लेक कॉलेजला गेल्यावर आमच्या अमेरिकेतल्या, अर्विंगच्या घरातली तिची खोली रिकामी पडली. तिथे दोन वर्षं एक मेक्सिकन नट राहिला. सव्वीस वर्षांचा. तिकडे मालिकांमध्ये दोन-चार सीनची कामं केलेली, इकडे एका रेस्टॉरंटमध्ये वेटर. आमच्याकडे येणाऱ्या पोरांचं ऐकून तोही मला ‘काका’ म्हणायचा.

हल्ली ऑडिशनला कुणी बोलावत नाही. घरीच व्हिडिओ करून पाठवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची, अगदी सपाट. ते काम माझ्या गळ्यात पडलं. आधीच दिवसभर मीटिंगांनी डोकं पिकलेलं, त्यात ही हमाली! पण इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी वीस वर्षं विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंय. संहिता हातात आली की मला नाही म्हणवत नाही.

कधी ड्रग विकणारा, कधी माळी, कधी नुसताच पळणारा. किती व्हिडिओ पाठवले, देव जाणे. एकाचंही उत्तर नाही. “अरे, निदान नाही तरी म्हणा!” असा मीच वैतागायचो. तो खांदे उडवून वेटरचा शर्ट चढवायचा आणि निघायचा.

मग एकदा बरा रोल आला. बापाला फोनवर ‘मी घरी येत नाही’ असं सांगणारा मुलगा.

“काका, हे नाही झालं तर मी परत जाणार,” तो म्हणाला. “वडिलांचं टायरचं दुकान आहे. आता मला दमायला झालंय.”

पाचपर्यंत पाठवायचं होतं. साडेचारला एक टेक छान रंगला. मी बापाची वाक्यं वाचत होतो. शेवटच्या वाक्याआधी तो थांबला. डोळे भरले, ओठ हलेनात. आणि मी, गाढव, कुजबुजलो, “आय ॲम नॉट कमिंग होम.” नट अडला की वाक्य पुरवायचं, ही वीस वर्षांची खोड! तो कुठे अडला होता? तोच तर अभिनय होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. “इट्स ओके, काका,” म्हणाला आणि परत केलं, तीनदा. डोळे काही पुन्हा भरले नाहीत. त्यातला जरा बरा होता तो पाठवला. उत्तर आलं नाही.

दोन महिन्यांनी त्याने बॅगा भरल्या. सामान गाडीत ठेवून माझ्यासमोर दारात उभा राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि थांबला. डोळे तसेच भरले, ओठ तसेच हलेनात. मला वाक्य माहीत होतं: काका, राहू का अजून थोडे दिवस? पण मी आता शहाणा झालो होतो ना. गप्प उभा राहिलो. त्याने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला.

या वेळी तो खरंच अडला होता.