रेडिएटरवरचा झेंडू

आज खंडेनवमी. मुलीने गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूचा हार बांधला आणि मी तो लगेच काढून आतल्या आरशाला अडकवला. "आई, तुझं काहीतरीच!" ती म्हणाली. पण शिजलेल्या झेंडूचा कडवट वास माझ्या चांगला लक्षात आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी वर्गातले बहुतेक जण कॉम्प्युटरचे क्लास करत होते. सतीश आणि मी मात्र स्वारगेटजवळ काळेमामांच्या गॅरेजमध्ये खडकाळ रस्त्यावर पळणारी बग्गी बनवत होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. बग्गी चालली नाही, तर प्रोजेक्ट नापास. आणि आदल्या दिवसापर्यंत नीट चाललेलं इंजिन खंडेनवमीच्या दुपारी दहा मिनिटांतच तापू लागलं.

मी यादी केली. पाणी, पंप, पंखा, थर्मोस्टॅट, पाइप. सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली, तरी काटा लालवरच.

"परीक्षकांना यादीच चालवून दाखवू," सतीश म्हणाला.

काळेमामांनी चहाचा कप ठेवला आणि रेडिएटरवरचा हार उचलला. पंख्याने ओढलेल्या पाकळ्या जाळीत चिकटून शिजल्या होत्या. हवेला वाटच नव्हती.

"ताई, हार गळ्यात घालतात. तुम्ही नाकातोंडात कोंबलात."

जुन्या टूथब्रशने पाकळ्या काढल्यावर काटा मध्यावर थांबला.

हार सकाळी पूजा करून मीच बांधला होता, म्हणून तर तो यादीत नव्हता. आता ऑफिसात काही बिघडलं की माझ्या यादीची पहिली ओळ ठरलेली असते: कालपासून मी काय केलं?