न उडलेले तेरा तास

इंदुरीच्या पुलाजवळ माझ्या पुतणीचा दहा फुटी फोटो लागला, तेव्हा ती अजून वैमानिक झालेली नव्हती. हा उद्योग माझा. फ्लेक्सवरचा मजकूर मी लिहिला. फोटोत तिच्या डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी चढवायला लावली तीही मीच. 'गावातली पहिली वैमानिक' या ओळीपुढे तीन उद्गारचिन्हं पाहिजेतच म्हणून फ्लेक्सवाल्याशी वाद घातला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर माइक हाताला लागला आणि मी जाहीर करून टाकलं, की पोरीचे दोनशे तास भरले, पुढच्या रविवारी सत्कार.

ती फोनवर म्हणाली होती, "काका, दोनशेच्या जवळ आलेय." त्यातला 'जवळ' मी वाटेत कुठेतरी सांडून आलो.

मी घाटातला इंजिन ड्रायव्हर. लोणावळ्याहून कर्जतकडे मालगाड्या उतरवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. चार माणसं बसली की मला किस्से सांगायला लावतात, आणि नाही लावले तरी मी सांगतो. विमान चालवायच्या परवान्याला आपल्याकडे दोनशे तासांचं उड्डाण लागतं, ही माहिती त्या वर्षात मी इतक्या जणांना दिली की नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कामाला असलेला माझा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, मला बघून वाट बदलायला लागला होता.

सत्काराच्या आधीच्या बुधवारी दुपारी ती माझ्या क्वार्टरच्या दारात उभी राहिली. इंदुरीला घरी न जाता आधी लोणावळ्याला आली होती. बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्या क्वार्टरचा दिवा दिसत नव्हता. ती ओल्या बुटांसकट ओसरीत बसली आणि बॅगेतून उड्डाणांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. शेवटचा आकडा होता एकशे सत्त्याऐंशी.

मग तिने सगळं सांगितलं. पावसामुळे फ्लाइंग स्कूल बंदच होतं, त्यात विमान दुरुस्तीला गेलेलं. लहान शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीची भरती निघाली होती, अर्ज महिनाअखेरीला बंद होणार होते. परवाना हातात नसेल तर अर्ज नाही, आणि तेरा तास भरल्याशिवाय परवाना नाही. शिकवणाऱ्या सरांनी तिला एक चिठ्ठी दिली होती. तारखा, वेळा, कुठून कुठे गेली, सगळं तयार. वहीत तिने आपल्या हाताने उतरवायचं आणि सर सही करणार. सगळेच लिहितात, असं ते म्हणाले होते. तिच्या तुकडीतल्या दोघांनी लिहूनही टाकलं होतं.

आता मी इथे खोटं बोललो तर चिठ्ठीवाल्या सरांत आणि माझ्यात फरक राहणार नाही, म्हणून सांगतो. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा विमान आलं नाही, त्यातली माणसं आली नाहीत. फ्लेक्स आला. मी म्हणालो, लिही. भावाला फोन लावला, तर तोही तेच म्हणाला. वर म्हणाला, दोनशेत आणि एकशे सत्त्याऐंशीत फरक कितीसा, चहात साखर चमचाभर कमी पडली तर चहा काय वाया जातो?

पोरीने पेन काढून वहीवर आडवं ठेवलं. जरा वेळाने म्हणाली, "काका, तुमची डोंगरात घुसलेली गाडी सांगा ना."

लहानपणी ती रुसली की हाच किस्सा मागायची. तो माझा सगळ्यात गाजलेला किस्सा, मावळातल्या निदान पन्नास मांडवांत सांगितलेला. मला बरंच वाटलं. मी सुरू झालो.

घाटातून गाडी उतरवताना वाटेत एका ठिकाणी मुख्य मार्गातून एक फाटा फुटतो आणि डोंगराच्या अंगावर चढत जाऊन संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. रुळांचा काटा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने अलीकडे गाडी पूर्ण थांबवायची, शिट्टी द्यायची, मग काटा बदलतो आणि खालची वाट मिळते. गाडी थांबलीच नाही, तर ती फाट्यावर जाते आणि चढावर दमून उभी राहते. म्हणजे घाट आधी विचारतो, तुला थांबता येतं का? येत असेल तर जा.

मी नवा ड्रायव्हर होतो तेव्हा भर जुलैत माझी मालगाडी अशी फाट्यावर चढली. डोंगरात नाक खुपसून उभी राहिली. चहूकडे पांढरं. त्या पांढऱ्यातून डोंगरवस्तीवरचा एक म्हातारा शेरडं घेऊन प्रकटला, इंजिनाकडे वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पावनं, हितं टेसन कवा झालं?"

यावर मांडव कोसळतो. पोरगीही हसली. मग विचारलं, "पण गाडी थांबली का नाही, काका? तुम्ही ते कधी सांगतच नाही."

धुकं होतं, एवढं बोलून मी नेहमी पुढे सरकतो. त्या दिवशी समोर ती वही होती, आणि मला सरकता येईना.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा ड्रायव्हर आधी जुन्या ड्रायव्हरबरोबर घाटात फेऱ्या करतो. मग स्वतः सही करून देतो, की मला हा रोड येतो, म्हणजे इथली वाट पाठ आहे. ती सही दुसरं कोणी करू शकत नाही आणि कोणी करायला भागही पाडू शकत नाही. येत नसेल तर आणखी फेऱ्या मागायच्या. त्याला कोणी हसत नाही, निदान तोंडावर. मला शिकवणारे घोरावाडीचे एक ड्रायव्हर होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. माझ्या फेऱ्या सगळ्या थंडीतल्या. नागफणीच्या सुळक्यावरचं गवतसुद्धा मोजता यावं अशी हवा. आकड्याने फेऱ्या पुरेपूर भरल्या. सही करायच्या दिवशी आबांनी एकच गोष्ट विचारली.

"धुक्यात उतारलास का रं?"

मी म्हणालो, "व्हय आबा, दोनदा."

मध्यंतरी ते रजेवर असताना माझ्या काही फेऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर झाल्या होत्या, त्यामुळे खपून गेलं. मी एकदाही उतरलो नव्हतो. जुलैत धुक्यात मी बोगदे मोजत उतरत होतो, आणि मध्ये मोजणी चुकली. थांबायची पाटी मला दिसली तेव्हा ती खिडकीच्या मागे गेली होती. माझ्या असिस्टंटचं कपाळ फुटलं, पाच टाके पडले. ते टाके मी किश्श्यातून केव्हाच काढून टाकलेत, कारण टाक्यांवर कोणी हसत नाही.

चौकशीत आबांना बोलावलं. ते म्हणाले, "म्या इचारलं, त्यो व्हय म्हनला. पन बघायचं काम माझं हुतं." त्यांना घाटातून काढलं. शेवटचे अकरा महिने त्यांनी यार्डात डबे पुढे-मागे करण्यात घालवले. घाट ज्याच्या तळहातावर होता असा माणूस. माझी बढती अडली, ती दोन वर्षांत सुटली. आबांचं घर घोरावाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर. मी तिथे उतरलो तो त्यांच्या दहाव्याला.

पुतणीने विचारलं, "ते तुम्हाला काही बोलले नाहीत नंतर?"

"एकदाच. यार्डात समोर आलो तेव्हा म्हणाले, आता बघितलंस न्हवं धुकं?"

मला गप्प बसता येतं हे तिला त्या दिवशी प्रथम कळलं असेल. मग तिने चिठ्ठी उघडून हळू आवाजात वाचली. तेराही तास हवा स्वच्छ, असं सरांनी लिहिलं होतं. तिने चिठ्ठी घडी करून बॅगेत टाकली आणि सरांना फोन लावला. "सर, मी नाही लिहिणार. विमान दुरुस्त झालं की कळवा." पलीकडून काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी सत्काराला माणसं जमली. भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. वहिनी म्हणाल्या, आता फ्लेक्सचं तुम्हीच निस्तरा. मी माइक घेतला आणि आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण केलं. तेरा तास बाकी आहेत, दोनशे झाले हे मी खोटं बोललो, पोरीचा काही दोष नाही, भरतीची संधी तिने स्वतःहून सोडली आहे. खाली बसलो. टाळी नाही, काही नाही. पुढच्या रांगेतल्या एका मावशीने शेजारणीला विचारलं, तेरा तास म्हणजे किती दिवस? कोणीतरी सांगितलं, पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवस. मावशी म्हणाल्या, "मग येवढी तोंडं का पाडलीत? भात लावल्यावर चार म्हयनं थांबतो की आपन." आणि हार घालून मोकळ्या झाल्या.

गोष्ट इथे गोड करता आली असती. पण भरतीत तिच्या तुकडीतले ते दोघं लागले. ते आजही उडतात, चांगले उडतात म्हणे, आणि त्यांच्या विमानाला कधी काही होऊ नये. हिने दिवाळीनंतर तेरा तास पूर्ण केले. दोन वेळा हवा बिघडली म्हणून अर्ध्यातून परत फिरली, आणि ते परत फिरणंही वहीत लिहिलं. पुढची भरती निघायला वर्ष गेलं. त्या वर्षात भाऊ रोज संध्याकाळी तिच्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. ते न बोलणं तिने सोसलं, मी नाही. आता ती एका छोट्या विमानात सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसते, डावीकडे एक जुने कॅप्टन असतात. फ्लेक्स दोन पावसाळ्यांनी फाटला. टोपी सगळ्यात शेवटी गेली.

नव्या वैमानिकाला किती तास हवेत, यावर आता लोक मलाच विचारतात. अमेरिकेत दीड हजार लागतात, आपल्याकडे दोनशे, कुठलं बरोबर? मला माहीत नाही. माझ्या फेऱ्या आकड्याने पूर्ण होत्या. मी एवढंच म्हणतो, की शेजारी बसणाऱ्याने वही बघावी, आणि मग धुक्याचंही विचारावं. आणि नुसत्या 'व्हय'वर सोडू नये.

गेल्या महिन्यात नात्यात लग्न होतं. मांडवात मला नेहमीचा किस्सा सांगायला लावला. पुतणी सुट्टीवर होती, पुढच्याच रांगेत बसलेली. शेरडंवाल्या म्हाताऱ्यावर मांडव हसला. हसू ओसरेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग मी आबांचं सांगितलं, असिस्टंटच्या टाक्यांसकट. पंगतीला बोलवायला आलेला माणूस तसाच उभा राहिला, आणि जेवणं जरा उशिरा सुरू झाली.