कावळा का शिवला

दुपारचं खाणं आटोपलं आहे आणि मी झोपायचं नाही असं ठरवून एका कुशीवर पडले आहे. गडहिंग्लजचे देसाई येणार आहेत, विशूच्या चौकशीला. मुलीकडचे लोक आमच्या गल्लीत चौकशीला आले की शेवटी माझ्याच दारात येतात, आणि मी त्यांना चहा पाजते. चहा पिता पिता सांगते, की याच विशूनं आंबा घाटात वळणावर ट्रकच्या पुढे गाडी काढायला बघितली आणि मागे बसलेला माझा मकरंद गेला. एवढं पुरतं. दोन स्थळं मोडली आहेत, आज तिसरं मोडेन. मला वाईट वगैरे वाटत नाही. उलट त्या दिवशी जेवण अंगी लागतं.

डोळा जड होतो. पंख्याचा आवाज पाण्यासारखा वाटायला लागतो आणि बघते तर पाणीच आहे, पंचगंगेचं. मी घाटाच्या पायरीवर आडवी आहे, उशी अजून डोक्याखाली आहे. समोर दहाव्याचा पिंड मांडलाय. बाजूला मकरंद गुडघे पोटाशी घेऊन बसलाय, स्वतःच्याच पिंडाकडे बघत.

"दही जास्त झालंय गं आई."

"तुला आवडायचं म्हणून." मला रडू यायला हवं, पण रागच येतो. "कुठं होतास इतके दिवस?"

"हितंच की."

त्या दिवशी आम्ही इथंच ताटकळलो होतो. कावळे झाडावर होते, खाली उतरायला तयार नव्हते. आईला सांभाळू, असं माझा भाऊ म्हणाला. वरची खोली बांधून पुरी करतो, असं हे म्हणाले. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी मनात म्हटलं, त्या विशूला मी सुखानं संसार करू देणार नाही. आणि कावळा झेपावला. मी कुणाला काही बोलले नाही. लेकाची इच्छा मला कळली होती. तेव्हापासून जपाला बसले तरी माळेच्या मण्यामण्यावर विशूचंच नाव येतं, शाप म्हणून.

"मी शब्द पाळलाय हं," मी मकरंदला सांगते. "दोन मोडली."

"कसला शब्द?"

मी सांगते. तो नाकातल्या नाकात हसतो, तसाच, पूर्वीसारखा.

"अगं, मामानं काळी छत्री उघडून धरली होती. कावळा तिला बिचकत होता. मामानं छत्री मिटली, तो आला."

"खोटं बोलतोस."

"बघ की वर."

वरच्या पायरीवर माझा भाऊ छत्रीच्या बटणाशी झटापट करतोय. छत्री मिटते. कावळा खाली येतो आणि पिंडाला चोच मारतो. माझा हात उठतो, मकरंदला मारायला की कावळ्याला, ते मलाच कळत नाही.

"मग वर्षभर मी कुणाचं काम केलं?"

"तुझं," तो म्हणतो.

पायऱ्या त्याच आहेत, पण आता त्या विशूच्या घराच्या आहेत. बंद दारासमोर आम्ही दोघं उभे आहोत. मकरंदचे पाय अनवाणी आहेत आणि घोट्यापाशी सुजलेत.

"तू रोज मनानं हितं येऊन उभी राहतेस, त्याला शिव्या देतेस," तो म्हणतो. "मग मलापण यावं लागतंय. दुसरीकडं कुठं तू मला हाकच मारत नाहीस."

"चूक त्याचीच होती!"

"होतीच की. मी कुठं नाही म्हणालोय?"

"मग?"

"मग काय. भूक लागलीय मला."

दार उघडतं आणि आत माझंच स्वयंपाकघर आहे. मी दहीभात कालवते आणि त्याला घास भरवते, एवढ्या दाढीवाल्या बाप्याला. तो खाली मान घालून खातो. मी विचारते, "तुझी खरी इच्छा काय होती रे?"

"सगळ्यांनी वचनं दिली. विचारलं मात्र कुणीच नाही."

"आता विचारतेय ना."

"आता खातोय ना," तो म्हणतो, आणि तोंड पुढे करतो.

बेल वाजते. मी उठते आणि माझ्या आधी माझा राग उठून बसलेला असतो. दारात देसाई आहेत, गोरेसे, घाम पुसत. त्यांना बसवते, चहाचं आधण ठेवते. साखरेचा डबा उघडताना बोटांच्या बेचक्यात काहीतरी चिकटलेलं दिसतं. भाताचं शीत आहे, दह्यानं ओलं. आज एकादशी. घरात भात शिजलेलाच नाही.

मी हात धुवत नाही. तसाच चहा नेऊन देते.

"वहिनी, तुम्ही शेजारच्या," देसाई कप उचलत म्हणतात. "मुलगा कसा आहे? खरं काय ते सांगा."

सगळं जिभेवर तयार आहे, घाट, वळण, ट्रक. मी त्याला माफ केलेलं नाही, आजही नाही. मूठ मिटते तर ते शीत तळव्याला लागतं, गार.

"आमच्या मकरंदचा दोस्त आहे तो," मी म्हणते.

"मकरंद कोण?"

वर्षभरात हे मला कुणी विचारलेलंच नाही.

"माझा मुलगा," मी म्हणते, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून सांगायला बसते, घाटापासून नाही, त्याच्या जन्मापासून.