कुलपाची सही

हॉस्पिटलात मला 'कुलूप' म्हणतात. तोंडावर 'सर', पाठ वळली की कुलूप. ज्या मोजक्या अँटिबायोटिक्सना जंतू अजून घाबरतात, ती फार्मसीतल्या एका कपाटात बंद असतात आणि माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाहीत. ऊठसूट वाटत सुटलं तर जंतू त्यांनाही सरावतात, मग खरी गरज पडेल तेव्हा आम्ही हात चोळत बसतो. म्हणून सर्जन लोक माझ्या नाकदुऱ्या काढतात आणि मी मान हलवतो, आडवी. खरं सांगू, मला त्यात मजा येते. घरी माझं कोण ऐकतं?

बायकोला माझ्या भाषेचा राग आहे. एखादा जंतू एखाद्या औषधाने मरणार असला, की आम्ही तो त्या औषधाला 'संवेदनशील' आहे असं म्हणतो. जेवताना फोनवर मी हा शब्द इतक्या मायेने उच्चारतो म्हणे, की तिला जंतूंचा हेवा वाटतो.

मग माझी ताई पडली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे अजूनही ती समोर आली की मी आधी शर्टाची बटणं चाचपतो. खुब्याचं ऑपरेशन झालं, जखमेत पू झाला, ताप काही उतरेना. तपासणीत कळलं की नेहमीचं एकूण एक औषध निकामी. उरलं होतं ते एकच, माझ्याच कपाटातलं, आणि ते किडन्यांना फार जड. ताईच्या किडन्या आधीच थकलेल्या. दिलं तर किडन्या जायची भीती, नाही दिलं तर ताईच जाणार.

दुसऱ्या कोणाची ताई असती तर चहा पिता पिता सही केली असती. आता माझी पाचावर धारण बसली. तपासणी पुन्हा करायला लावली. ज्येष्ठांना फोन लावले. दुसरं काही उरलं नसेल तर हेच द्यायचं, हे मी रोज लोकांना सांगतो तेच त्यांनी मला सांगितलं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. हाडांच्या ज्या सर्जनला मी कायम पिटाळून लावत आलो, तो बिचारा माझ्या शेजारी बसून राहिला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी ताईनेच विचारलं, काय म्हणतोय तुझा जंतू? मी ताठ बसलो, घसा खाकरला आणि लेक्चरच्या सुरात सांगू लागलो, की हा जंतू फक्त एका औषधाला संवेदनशील... पुढचं येईना. ढसाढसा रडलो. भर वॉर्डात, गळ्यात स्टेथोस्कोप घालून.

ताई म्हणाली, "अरे, एक तरी आहे ना? मग तू त्या जंतूपेक्षा जास्त संवेदनशील होऊ नकोस. सही कर."

केली. चिठ्ठी खाली फार्मसीत गेली आणि तशीच परत आली. सही तिथल्या नमुन्याशी जुळत नव्हती. माझ्या नावावर कोणी भलतंच औषध उचलू नये म्हणून हा नियम मीच केला होता, वर मीटिंगमध्ये स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. धावत खाली गेलो. फार्मासिस्टबाई म्हणाल्या, सर, हात टेबलावर टेकवा. टेकवला, तरी सही वाकडीच आली. पण या वेळी सही करणारा समोर उभा होता, म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

ताप उतरला. किडन्या कुरकुरल्या, पण टिकल्या. ताई आता वॉकर घेऊन वॉर्डभर फिरते आणि मी रडलो ते सगळ्यांना सांगते.

परवा ताईच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाला मी समजावत होतो, की ते औषध तुमच्या वडिलांना आत्ता नको, साध्याने भागेल. त्याला ते पटेना, रडवेला झाला. तेवढ्यात ताई तिच्या खाटेवरून म्हणाली, "बाळा, घाबरू नकोस. द्यायची वेळ आली ना, की आधी हाच रडतो."