मोहर घोडीची मिरवणूक

मी फौजेत नव्हते. नोकरी नवऱ्याची, चाकरी माझी. माझे मालक घोडदळात दफेदार होते आणि घरातही दफेदारच राहिले, म्हणून मी त्यांना इथेही दफेदारच म्हणते. पेन्शन घेतल्यावर लोक गावी जाऊन कांदा लावतात. आमची पोस्टिंग झाली नाशकात, शहराबाहेर द्राक्षबागांच्या कडेला, एका कॉलेजच्या रायडिंग क्लबात. ही नव्वदनंतरची गोष्ट. तबेल्याला लागून पत्र्याची खोली, पाच घोडे आणि कॉलेजची मुलं. घोड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

सकाळी उजाडताच फॉल-इन, म्हणजे सगळ्यांनी हजेरीला रांगेत उभं राहायचं. दफेदारांचा नियम फौजेचा होता : घोडा आधी, माणूस नंतर. घोड्याला पाणी, मग चंदी, मग खरारा, आणि मग स्वाराचा चहा. मुलांनी तो आपल्या सोयीने फिरवून घेतला. आधी चहा, मग फोटो, आणि खरारा करायला मावशी. मावशी म्हणजे मी. बूट गुडघ्यापर्यंत घालायचे आणि लीद दिसली की नाकाला रुमाल लावायचा. असलं घोडदळ मी तोवर पाहिलं नव्हतं.

टीमचा कप्तान निखिल. बाप चांदवडचा कांद्याचा व्यापारी. हा घोडीशी इंग्रजीत बोलायचा. "कम ऑन, बेबी!" घोडी फौजेतली. तिला 'थाम' कळायचं, 'बेबी' कळत नव्हतं. ती मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा गवत खायची.

तिचं नाव मोहर. वय झालं म्हणून फौजेने काढलेली, तांबड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. कानाजवळ गोळी झाडली तरी हलत नसे. मुलांचा मुख्य खेळ टेन्ट पेगिंग. जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भरधाव घोड्यावरून भाल्याने उचलायची. मोहर खुंटीच्या कडेने दोरी लावल्यासारखी सरळ धावायची. वर माणूस आहे की पोतं, तिला फरक पडत नसे. निखिल बसायचा तेव्हा खरंच फरक नसायचा.

थंडीत तिचे गुडघे धरायचे. मी तिच्यासाठी एक घोंगडी मागितली. संस्थेचे चेअरमन म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." त्याच हिवाळ्यात मुलांना नवी जॅकेटं आली, पाठीवर क्लबाचं नाव.

मग कॉलेजांची स्पर्धा आली, पुण्याला. जनावरांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, ही शेवटची. दफेदारांनी तेव्हाच ठरवलं. त्यांची बहीण घोटीला असते. भाताची खाचरं, ओढा, गवत.

"हिला धडधाकट परत आणायची," ते मला म्हणाले. "मग थेट घोटीला, अक्काकडं. मरेस्तोवर कोणी बसणार नाय हिच्यावर."

"आन् मला नाय पाठवत घोटीला?"

"तुझे गुडघे चांगले हायेत अजून."

निघताना त्यांनी मला ऑर्डर दिली. ट्रक परत आला की घोडी थेट तबेल्यात. पाणी, मालिश, आराम. मी म्हटलं, ठीक.

स्पर्धा जिंकली. मोहरने जिंकली, नाव टीमचं झालं. परतीच्या दिवशी मी पेंढा अंथरला, पाणी कोमट केलं आणि वाट पाहत बसले. ट्रक आला नाही, ढोल ऐकू आले. म्हणून गेटवर गेले.

गेट नवीन होतं. खाली गुळगुळीत, चकचकीत फरशी. चेअरमनना तिचा फार अभिमान. त्या दिवशी तिच्यावर सडा घातला होता, रांगोळी होती आणि झेंडूची फुलं पसरली होती. ट्रक तिथेच अडवला होता. पोरं गुलालाने लाल झाली होती.

चेअरमन म्हणाले, "दफेदार, घोडी उतरवा. कप्तान कप घेऊन घोडीवरून आत येईल. पेपरवाले थांबलेत."

"साहेब, घोडी प्रवासाची थकलीय. पायात लोखंडी नाल, फरशी ओली. मुलगा चालत येऊ द्या."

"चालत? अहो, रायडिंग क्लब आहे ना आपला?"

सगळे हसले. निखिल सगळ्यात जास्त हसला.

"साहेब, पण घोडी..."

"दहा मिनिटांचं काम. मी सांगतोय ना?"

मी मागून म्हटलं, "अहो, नाय म्हणा."

दफेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टाचा जुळवल्या. "जी, साहेब."

चेअरमन कुठल्या पलटणीचे नव्हते. त्यांची सिमेंटची एजन्सी होती. पण आवाज साहेबाचा होता, आणि दफेदारांना तेवढा पुरला. फौजेत हुकूम ऐकायला शिकवतात. कोणाचा ऐकू नये, ते शिकवत नाहीत.

निखिल चढला. एका हातात कप, दुसरा हात लोकांना हलवायला. लगाम घोडीच्या मानेवर मोकळा. मोहर ढोलाला बिचकली नाही, गुलालालाही नाही. फरशीवर आली आणि झेंडूवरून घसरून तिचे मागचे दोन्ही पाय फाकले. पुढच्या पायांनी तिने सावरायला पाहिलं. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. आवाज ढोलातूनही ऐकू आला.

निखिल फुलांत पडला. उठला आणि विचारलं, "कप कुठंय?"

"बँड बंद!" दफेदार ओरडले. ढोलवाल्यांना कळेना. मी एकाच्या हातातली टिपरी हिसकावून घेतली, तेव्हा कळलं.

मोहर उठायला बघत होती. मोडक्या पायावर घोडं उठलं तर आणखी मोडतं. दफेदारांनी डोकं धरलं. मान दाबायला एक माणूस हवा होता. टीमची चार पोरं भिंतीला लागून उभी. त्यांतली एक राखीव स्वार वैशाली, सिन्नरची. घोड्यांना घाबरते म्हणून मीही तिला हसायचे.

"ए सिन्नर! मानेवर बस."

"मावशी, तिला दुखेल."

"दुखतंयच. बस!"

बसली. पांढरी पँट, रक्त, गुलाल, काही बघितलं नाही. अंगातलं जॅकेट काढून घोडीचे डोळे झाकले. डॉक्टर येईपर्यंत तशीच बसून होती.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि दफेदारांकडे पाहिलं. दफेदार म्हणाले, "हो." इंजेक्शन दिलं. दफेदार तिच्या कानात काहीतरी बोलले. काय, ते मी कधी विचारलं नाही. मग उभे राहिले, सॅल्यूट केला आणि लगाम काढून घेतला. बाकीची टीम तेव्हा निखिलचं खरचटलेलं कोपर दाखवायला दवाखान्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी फॉल-इन वेळेवर झालं. दफेदार, मी आणि वैशाली. महिन्याच्या शेवटी आम्ही सामान बांधलं. घोटीला शेवटी आम्हीच गेलो. तिथल्या गवताकडे दफेदार बघत बसायचे. चार पावसाळे काढून तिथेच गेले.

त्यानंतर काही वर्षांनी क्लबाने जुन्या माणसांचा सत्कार ठेवला. मला जीप पाठवून नेलं. निखिल आता संस्थेत पदावर, पोट सुटलेलं. माइकवर म्हणाला, "आमची लाडकी मोहर क्लबासाठी शहीद झाली." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत वैशाली हात मांडीवर ठेवून बसली होती.

मला शाल घातली आणि म्हणाले, मावशी, दोन शब्द.

मी म्हटलं, "शहीद लढाईत होतात. मोहर मिरवणुकीत पडली. याला दहा पावलं चालायचं नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याला 'नाही, साहेब' म्हणता आलं नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. मी खाली येऊन बसले. शाल चांगली होती, जाड लोकरीची. घोडीला पुरली नसती. गुडघ्यांपुरती झाली असती.